जुनी गाडी घेताना चेसिस नंबर वाचा

सोयाबीनचे पैसे हातात आले की राणीसावरगाव, गंगाखेड भागात जुन्या मोटारसायकलींची विचारपूस सुरू होते. टायर, ॲव्हरेज, इंजिनाचा आवाज सगळे बघतात. हँडलखालच्या नळीवर ठोकलेला १७ अक्षरांचा चेसिस नंबर मात्र क्वचितच कोणी वाचतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी तोच वाचा.

त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होते. पहिली तीन अक्षरं कंपनीची. एमडी२ म्हणजे बजाज, एमबीएल म्हणजे हीरो. टाकीवर हीरो आणि नंबर एमडी२चा असेल, तर व्यवहार तिथंच थांबवा.

बाकीच्या अक्षरांचा अर्थ सांगणाऱ्या फुकट साइट पुष्कळ आहेत. त्यातली निवडायची कोणती? आधी घरच्याच गाडीचा नंबर टाकून पाहा. कंपनी, वर्ष आरसीशी जुळलं नाही, तर ती साइट सोडा. बऱ्याच साइट अमेरिकेच्या नियमांवर चालतात. तिथं नववं अक्षर पडताळणीचं असतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही. म्हणून एखाद्या साइटनं ‘नंबर अवैध’ म्हटलं, तरी तेवढ्यानं चांगल्या गाडीला खोटी ठरवू नका. आधार किंवा बँकेचा ओटीपी मागितला, तर साइट बंद करा. जुन्या ट्रॅक्टरांचे नंबर अनेकदा १७ अक्षरांचे नसतात, तिथं या साइट निरुपयोगी.

कारखान्यातून काय निघालं, एवढंच या साइट सांगतात. आज गाडी कोणाच्या नावावर आहे, विमा कधीपर्यंत आहे, हे सरकारच्या मोफत एमपरिवहन ॲपवर एमएच २२नं सुरू होणारा पाटीवरचा पूर्ण नंबर टाकून बघा. मालकाच्या नावातली काही अक्षरं तिथं झाकलेली असतात, तरी ताळा घेता येतो. आरसीवर बँकेचं नाव असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतातच.

गाडी दिवसाउजेडीच बघा. नंबरावरचा चिखल पुसा, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उठलेली अक्षरं आरसीशी एकेक करून जुळवा. अक्षरं वेडीवाकडी असली किंवा भोवती ग्राइंडर फिरल्याच्या खुणा दिसल्या, तर विकणारा ओळखीचा असला तरी गाडी घेऊ नका.