ठरावात यंदा ‘सहल’ असंच लिहा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)



हप्त्याचं, कर्जफेडीचं बोलून झालं. आता पाच मिनिटं मला द्या. लावण उरकलीय, पण पाठ अजून सरळ झाली नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बोलते.

गेल्या श्रावणात आमच्या गटातल्या अकराजणी पळसंब्याला जाऊन आलो. कोल्हापुरातनं गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं, आणि बावड्याच्या अलीकडं आत वळायचं. तिथं रामलिंग म्हणून ठिकाण आहे. गर्द झाडी, मधनं ओढा आणि त्या ओढ्यातच दगडी देवळं. बांधलेली नव्हेत बरं का, जागच्या काळ्या खडकातनं कोरून काढलेली! ना चुना, ना सांधा. पाण्यानं कडा झिजल्यात, कुठं टवके उडालेत, वर शेवाळ चढलंय. शेजारी धबधबा, लहानसाच. राधानगरीकडच्या राऊतवाडीसारखा त्याचा गाजावाजा नाही, आणि ते बरंच आहे.

माझ्या आत्ती सोबत होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, म्हणून त्यांना एसटी फुकट. आम्हाला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहेच. पुढं वडाप केलं. वाटेत आत्तींचं एकच चाललेलं, “पाण्यात काय बघायचं? जन्म गेला पाण्यात उभं राहून.” खरंच आहे, चिखलात वाकून वाकून त्यांचे गुडघे गेले. तिथं गेल्यावर काठावरच्या दगडावर बसल्या, पाय पाण्यात सोडले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “ह्या पाण्यात वाकायला लागत न्हाई.” आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

आता जे बोलायला उठले ते सांगते. आम्ही ठराववहीत ‘अभ्यास दौरा’ लिहिलं होतं. घरी सांगितलं, प्रशिक्षण आहे. कुणाच्या तरी मोबाईलवर फोटो फिरला आणि एका ताईच्या घरी कळलं. दोन महिने ती सभेला आली नाही. खोटं अकराजणी बोललो, भोगलं एकटीनं. आमच्यातली एकही तिच्या दारात जाऊन “आम्हीच ठरवलं होतं” असं म्हणाली नाही. मीसुद्धा नाही. ती आज इथं बसलीय. ताई, चुकलं आमचं.

म्हणून यंदा वहीत ‘सहल’ लिहायचं. घरी तेच सांगायचं. कुणाला घरातनं अडचण आली तर आदल्या दिवशी आम्ही चौघी येऊन बोलू. बचतीला हात लावायचा नाही, ज्याचा त्यानं खर्च करायचा. एखादीला जमत नसेल तर मला एकटीला गाठून सांगा, बघू काय करता येतं ते.

एक मात्र ऐका. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्यात. आपल्याकडं ऊन असलं तरी वर डोंगरात कोसळत असतो, आणि ओढा बघता बघता चढतो. पाणी गढूळ व्हायला लागलं की लगेच बाहेर, फोटो राहू देत. शेवाळावर रबरी चप्पल घसरते, पायात पट्ट्याचं काहीतरी घाला. कोरीव दगडांवर चढायचं नाही, नारळ फोडायचा नाही, आणि प्लास्टिक परत आणायचं.

नावं आजच द्या. भाकरी ज्याची त्यानं आणायची, झुणका मी करते. आत्तींनी मघाशीच नाव लिहायला लावलंय, पहिलं त्यांचंच आहे.