पाटी कुणासाठी?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाटी ही दुकानाची असते, पण वाचायची असते गिऱ्हाइकाने. ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत का, असा प्रश्न मला मुंबईतल्या एका रस्त्यावर पडला.

गावाहून पतीच्या उपचारांसाठी आलेल्या एक मावशी मला विचारत होत्या, "रक्त तपासतात ते कुठं हो?" त्या उभ्या होत्या त्या तपासणी केंद्राच्या दारातच! वर चकचकीत इंग्रजी पाटी. मी बोट दाखवले तेव्हा मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, "आम्ही पडलो अडाणी." पण मावशी अडाणी नव्हत्या. हातातल्या पिशवीवरची मराठी अक्षरे त्यांनी मला घडाघडा वाचून दाखवली. कमी पडली होती ती पाटी.

आपल्याकडे यासाठी कायदा आहे. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यातून दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने वगळली होती. २०२२च्या दुरुस्तीने त्यांनाही देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान नकोत, असेही ठरले. इतर भाषांना मनाई नाही. व्यापारी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर मुंबई महापालिकेने कारवाई सुरू केली.

नियम झाला, हे चांगलेच झाले. पण मावशींचा प्रश्न सुटला का? त्या केंद्रावर देवनागरीत 'डायग्नोस्टिक सेंटर' असे लिहिले, तर नियम पाळला जाईल. मावशी मात्र तिथेच उभ्या राहतील. 'येथे रक्त-लघवी तपासली जाते' असे लिहिले, तर त्या सरळ आत जातील. लिपी बदलणे सोपे, समजेल असे लिहिणे हे खरे काम.

आता दुसरी बाजू. दंड जाहीर झाला तो कामगारामागे २,००० रुपये. म्हणजे मोठ्याला जास्त, लहानाला कमी. हे न्यायाचे झाले. पण पाटीचा खर्च असा माणसे मोजून येत नाही. बड्या दालनाला नवी पाटी म्हणजे किरकोळ बाब. नवराबायकोने चालवलेल्या दुकानाला ती महिन्याच्या कमाईतली मोठी फोड. कितीतरी किराणा दुकानांवर शीतपेयाच्या किंवा मोबाइलच्या कंपनीने फुकट दिलेली पाटी असते. कंपनीचे नाव हातभर, दुकानाचे बोटभर! त्या दुकानदाराला कंपनीची जाहिरात उतरवून स्वतःचे नाव लावायचे, तर पैसे त्याच्याच खिशातून जाणार.

म्हणून वाटते, तपासणीची सुरुवात मोठ्या दालनांपासून, दवाखान्यांपासून आणि औषधांच्या दुकानांपासून व्हावी. लहान दुकानदाराला नोटिशीआधी थोडी सवड आणि शुद्ध मजकुराचा नमुना मिळावा. फ्लेक्समुळे काम गेलेल्या पेंटरला ब्रश पुन्हा हाती घेता आला, तर आणखी एका घरची चूल पेटेल.

आणि आपण? ओळखीच्या दुकानदाराला एवढेच सांगू या : शेठ, पाटी अशी लावा, की नवख्या माणसाला कुणाला विचारावे लागू नये. विचारताना त्याला ओशाळावे तर मुळीच लागू नये.