खेड्याच्या मापाचे जाळे



उज्जयिनीचे नाव घेताच महाकालाचे देवालय आणि क्षिप्रेचा घाट डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु शास्त्राच्या इतिहासात या नगरीचा मान आणखी एका कारणासाठी आहे. प्राचीन ज्योतिर्विदांनी लंकेपासून कुरुक्षेत्रापर्यंत जी मध्यरेषा कल्पिली, ती उज्जयिनीवरून जाते असे मानले. गणक काशीचा असो वा पैठणचा, आपल्या गावचे देशांतर तो याच रेषेपासून मोजी. ही रेषा भूमीवर कोणी आखलेली नव्हती. तो एक सर्वमान्य संकेत होता, आणि त्या संकेतामुळेच दूरदूरच्या पंडितांची गणिते परस्परांशी बोलू शकत.

आजच्या संगणकांच्या जाळ्याचा पायाही असाच संकेताचा आहे. दोन यंत्रे तारेने जोडली म्हणजे ती आपोआप बोलू लागतात असे नव्हे. निरोपाचे तुकडे किती मोठे करावेत, दोघे एकदम बोलू लागले तर थांबावे कोणी, वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा कोणी मागावा, हे सारे आधी ठरवावे लागते. मग साहजिकच प्रश्न येतो की हे नियम कोणी ठरवायचे, आणि ठरविताना डोळ्यांसमोर कोणाची गरज ठेवायची? ज्यांच्या संशोधनात हा प्रश्न पुनःपुन्हा येतो, अशा एका शास्त्रज्ञाचा परिचय आज करून द्यावयाचा आहे. त्यांचे नाव डॉ. अभय करंदीकर.

त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण याच प्रदेशात, ग्वाल्हेरच्या माधव इन्स्टिट्यूटमध्ये झाले. 1957 साली सुरू झालेली ही संस्था शिंदे घराण्याच्या आश्रयाने उभी राहिली. तेथून 1986 मध्ये पदवी घेऊन ते कानपूरच्या आय. आय. टी.त गेले आणि 1994 मध्ये डॉक्टरेट मिळवून बाहेर पडले. मधले एक वर्ष त्यांनी अहमदाबादेस अवकाश संशोधनाच्या कामात घालविले. पुढे तीन वर्षे ते पुण्याच्या सी-डॅक संस्थेत जलद संदेशवहनाच्या विभागात होते. 1997 पासून मुंबईच्या आय. आय. टी.त अध्यापन, 2018 पासून कानपूरच्या आय. आय. टी.चे संचालकपद आणि 2023 मध्ये केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सचिवपदी नियुक्ती, असा हा प्रवास आहे. पण पदांची यादी म्हणजे कार्य नव्हे. कार्य पाहावयाचे तर पालघरकडे वळले पाहिजे.

ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना केंद्र शासनाने 2011 मध्ये मंजूर केली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती तिच्या कक्षेत येत होत्या. परंतु तार पंचायतीच्या कचेरीशी थांबते, आणि पाडे तर डोंगरउतारांवर विखुरलेले असतात. प्रत्येक पाड्यापर्यंत खणत जाणे परवडणारे नाही. तेव्हा पुढचा मार्ग हवेतूनच काढावा लागतो. तोही सोपा नाही. कारण हवेतील लहरींच्या वाटा ठरावीक असतात आणि बहुतेक वाटा कोणाच्या ना कोणाच्या नावावर लागलेल्या असतात.

करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम रिकामी वाट शोधली. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येकी आठ मेगाहर्ट्झच्या पंधरा वाहिन्या बसतात. त्यांतील किती वाहिन्या खरोखर वापरात आहेत, याचा हिशेब त्यांनी मांडला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, देशात जवळजवळ सर्वत्र पंधरापैकी निदान बारा वाहिन्या मोकळ्या आहेत. या लहरींचा गुण असा की त्या लांब जातात आणि झाडीने सहसा अडत नाहीत. त्याच लहरींवर पालघर भागातील खेड्यांना इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोग झाला. पुढे परवान्यावाचून वापरता येणाऱ्या लहरींवर तो अधिक गावांत नेण्यात आला. या लहरींना मात्र समोरासमोरची मोकळी दृष्टी लागते, म्हणून उंच खांब उभारणे आले. डॉ. सर्बानी बॅनर्जी बेलूर आदी सहकाऱ्यांनी पुढे नेलेल्या या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत 2017 मध्ये पहिले पारितोषिक मिळाले.

परंतु प्रयोग कितीही यशस्वी झाला तरी तो प्रयोगच असतो. यंत्रे लाखोंनी निघून स्वस्त व्हावयाची तर ती जागतिक मानकात बसली पाहिजेत, आणि मानके ठरतात ती आंतरराष्ट्रीय बैठकांत. भारताचा आवाज तेथे पोहोचावा म्हणून दूरसंचार मानकांची जी भारतीय संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत करंदीकर होते. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले.

या संस्थेने काय मागितले, हे ऐकण्यासारखे आहे. पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनीसाठी ग्रामीण भागाची जी कसोटी आखली गेली, तिच्यात दोन मनोऱ्यांतील अंतर 1,732 मीटर धरले होते. आणि निम्मे ग्राहक ताशी 120 किलोमीटर वेगाने मोटारीतून जात आहेत, असे गृहीत होते. हे खेडे आपले नव्हे! आपला खेडूत पायी चालतो, पारावर टेकतो, आणि त्याच्या गावाला इतके मनोरे परवडत नाहीत. भारताच्या आग्रहावरून 2017 मध्ये आणखी एक कसोटी मान्य झाली. तिच्यात अंतर सहा किलोमीटर आणि बहुतेक ग्राहक घरात किंवा पायी. अंतर साडेतीनपट झाले की एका मनोऱ्याच्या वाट्याचे क्षेत्र बारापट होते. या साध्या हिशेबात ग्रामीण जाळ्याचे सारे अर्थकारण सामावले आहे. या कसोटीस उतरणारे भारतीय तंत्र 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने स्वीकारले आणि पुढे ते जगाच्या सामाईक मानकात विलीन झाले. कोणी म्हणतील, वेगळी ओळख गेली. मला तसे वाटत नाही. संकेत सर्वांचा झाला, यातच त्याचे सार्थक आहे.

मध्य प्रदेशातच, रीवा येथे शिकलेले दुसरे एक शास्त्रज्ञ राज जैन यांनी सहकाऱ्यांसह 1984 मध्ये वाटपातील न्याय मोजण्याचे एक सूत्र दिले. दहा जणांना सारखा वाटा मिळाला तर उत्तर एक येते. सगळे एकालाच मिळाले तर एक दशांश. जगभरचे जालशास्त्रज्ञ आपल्या योजना या सूत्रावर पारखून पाहतात. तेच माप शहर आणि पाडा यांच्यामध्ये लावले, तर उत्तर काय येईल?

ते उत्तर केवळ यंत्रांनी सुधारणारे नाही. 'ग्राम मार्ग'च्या मांडणीत शासन, उद्योजक आणि पंचायत या तिघांची भागीदारी कल्पिली आहे, ती याचसाठी. जोडणी देण्याचे आणि उपकरणे सांभाळण्याचे काम गावातल्याच तरुणाने करावे, आणि पंचायतीला ते आपले वाटावे. विहीर खणणे हे एक काम आणि ती वर्षानुवर्षे उपसून वाहती ठेवणे हे दुसरे. पहिल्याचा समारंभ होतो, दुसऱ्याचा होत नाही. पाड्यावरच्या मुलीला परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी तालुक्याला जावे लागते की नाही, हे मात्र या दुसऱ्या कामावरच ठरणार आहे.