दिवा कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सौर दिवे वाटले की आकडे सांगितले जातात. इतके हजार दिवे, इतकी गावं. दिवा घरात गेल्यावर कुणाच्या हाती राहिला, हे मात्र कुणी विचारत नाही.

भिंतीवरचा बल्ब बहुधा बाहेरच्या खोलीत लागतो, चूल मागे अंधारात. हातात धरून नेता येणारा दिवा पहाटे चुलीपाशी, रात्री परसाकडे, गोठ्यात, बाळंतिणीजवळ बाईबरोबर जातो. रॉकेलच्या चिमणीचा धूर नाही, पदर पेटायची भीती नाही. २०१७ साली सौभाग्य योजना आली, घरोघर जोडण्या झाल्या, मग याची गरज काय, असं लोक म्हणतात. पण मीटर लागला म्हणजे रात्रभर वीज असते असं नाही, आणि बिल थकलं की जोडणी तुटते. ऊसतोडीच्या कोपीवर तर मीटरच नसतो.

खरी अडचण पुढे येते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी मात्र काही वर्षांतच दमते. बटण जातं, वायर तुटते. मग दोन रुपयांच्या वायरीपायी दिवा माळ्यावर पडतो. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने हे फार आधी ओळखलं. शिकलेला तरुण प्रमाणपत्र घेऊन शहरात जातो, म्हणून त्यांनी आज्या निवडल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या, देशोदेशीच्या बायका तिथे सहा महिन्यांत रंगांच्या खुणांवरून सर्किट जोडायला शिकल्या. आयआयटी मुंबईच्या दिव्यांच्या प्रकल्पातही जोडणी नि दुरुस्ती गावातच ठेवली होती. त्या कामातून डुंगरपूरच्या आदिवासी बायका पॅनेलच्या कारखान्यापर्यंत पोचल्या. बाईला 'लाभार्थी' म्हणणाऱ्यांनी हे बघून यावं!

तुमच्या बचत गटातून दिवे घ्यायचे असतील तर आधी एक दिवा उघडून बघा. स्क्रू काढून बॅटरी बदलता येत नसेल, सगळं चिकटवलेलं असेल, तर तो घेऊ नका. पावती बाईच्या नावाने करा. गटातल्या दोघींना सोल्डरिंग शिकवा आणि त्यांना दुरुस्तीचे पैसे द्या, फुकट राबवू नका. आणि दिव्याला मोबाइल चार्ज करायची सोय असेल तर घरात आधीच बोलून ठेवा. नाहीतर दिवसभर साठवलेलं ऊन नवऱ्याच्या मोबाइलमध्ये जातं, आणि भाकरी थापायच्या वेळी दिवा मिणमिणतो.