चार वाजताचे स्कोन

बेंगळूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. १६३८ साली ते आदिलशाहीच्या ताब्यात आले व पुढे शहाजीराजांची जहागीर झाले. जुन्या पेठेत मराठी घराणी आजही नांदत आहेत. या पेठेच्या पूर्वेस १८०९ साली इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली आणि एका गावाची दोन गावे झाली. १९४९ साली दोहोंची महानगरपालिका एक झाली खरी. चुली मात्र पुष्कळ काळ निराळ्याच राहिल्या. छावणीकडील अँग्लो-इंडियन घरांतून दुपारी चारच्या सुमारास लोण्याचा खरपूस वास दरवळू लागला, की आज स्नेहीमंडळी चहाला येणार, हे ओळखावे.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. प्रारंभी तो तव्यावरच भाजीत, म्हणजे आपल्या थालीपिठाचा तो दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा! १८४३ साली आल्फ्रेड बर्ड या इंग्रज गृहस्थाने, यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी, बेकिंग पावडर सिद्ध केली आणि पुढे या चपट्या भाकरीला फुगण्याचे बळ मिळाले.

कृती सोपी आहे, आणि मराठी गृहिणीचा हात नेमका तेथेच अडतो. भाकरीचे पीठ जितके मळावे तितकी भाकरी सुरेख. स्कोनचे पीठ मळले की बिघडले. पाव किलो मैद्यात अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ व थोडी साखर मिसळावी. साठ ग्रॅम थंड, घट्ट लोणी बोटांच्या अग्रांनी त्यात असे चुरावे, की पीठ रव्यासारखे दिसू लागेल. मग सुमारे दीडशे मिलिलिटर दूध घालून ते जेमतेम गोळा करावे. अधिक मळल्यास मैद्याला चिवटपणा येतो. गोळा बोटभर जाड थापून धारदार कडेच्या वाटीने सरळ दाबून चकत्या पाडाव्यात. वाटी फिरविली तर कडा मिटतात आणि स्कोन वाकडा फुगतो. चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये बारा-पंधरा मिनिटे पुरतात. ज्यांच्या घरी ओव्हन नसे, त्यांचे काम खालीवर निखारे ठेवलेल्या पातेल्यावरही भागे. नानकटाई करणाऱ्यांना हे सांगावयास नको.

लोणी विरघळता कामा नये, ही यातली खरी अट. मुंबईच्या मे महिन्यात ती पाळणे अवघड. सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या बेंगळूरची हवा मात्र या कामी वर्षातील बराच काळ अनुकूल असते.

स्कोनबरोबर मुरंबा आणि घट्ट साय. इंग्लंडातील डेव्हन व कॉर्नवॉल या परगण्यांत आधी साय लावावी की आधी मुरंबा, यावरून वाद आहे. पण ती नामांकित साय म्हणजे दूध मंद आचेवर तापवून धरलेली सायच होय, आणि ती आपल्या घरी रोजच असते.

बेंगळूरच्या अय्यंगार बेकऱ्यांतील खारी बिस्किटे डब्यात कित्येक दिवस टिकतात. त्यामुळे त्यांचे दुकान होऊ शकले. स्कोनचे तसे नाही. तो ऊन ऊन असतानाच खावा लागतो. म्हणून पाहुणे येण्याची वेळ झाली, की मगच दूध पिठात पडते. पाहुण्यांवाचून या पदार्थाला अर्थ नाही, आणि पुढे पाहुणेच विरळ होत गेले. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर व्हाइटफील्ड ही अँग्लो-इंडियन लोकांची वसाहत उभी राहिली. १९४७ नंतर या समाजातील अनेक कुटुंबे इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली. मागे राहिलेल्यांच्या कौलारू घरांभोवती आता संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. पाव किलो मैद्याचे आठ स्कोन होतात, आणि एकट्या वृद्ध बाईने आठांचे काय करावे?

तरीही कोणी आले, तर ती ते करते. उरलेले दुसऱ्या दिवशी मधोमध चिरून तव्यावर भाजावेत आणि वर लोणी लावावे. तसेही ते वाईट लागत नाहीत.