‘आणि कंपनी’चा कारभार

म्हैसूर शहरातून हुणसूरकडे जाणारा रस्ता शहराबाहेर पडतो त्या बाजूस हिनकल हे गाव लागते. नन्नेश्वराचे जुने देऊळ असलेले हे खेडे शहराने हळूहळू आपल्या पोटात घेतले आहे. जवळच हेब्बाळची औद्योगिक वसाहत, इन्फोसिसचे विस्तीर्ण आवार, बाह्यवळण रस्त्याच्या चौकातला उड्डाणपूल. आणि ह्या सर्वांच्या आश्रयाने उभी राहिलेली दुकाने, लहान कारखाने, सदनिकांच्या इमारती. जेथे असा व्यवहार वाढतो तेथे हिशेब वाढतो, आणि हिशेब वाढला की कोठेतरी पहिल्या मजल्यावर एक पाटी लागते: ‘अमुक अमुक आणि कंपनी, सनदी लेखापाल’. पुण्याच्या कोथरुडात, बेळगावच्या टिळकवाडीत किंवा इंदूरच्या एखाद्या गल्लीत अशीच पाटी श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल.

ह्या पाटीवरचे ‘आणि कंपनी’ हे शब्द मोठे फसवे आहेत. कंपनी म्हटली की भागधारक आले, संचालक मंडळ आले, व्यवस्थापकीय संचालक आला. कोणी कोणाला जाब विचारावयाचा हे तेथे ठरलेले असते. सनदी लेखापालांच्या पेढीत ह्यांतले काहीच नसते. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याने कंपनीला हा व्यवसाय करण्यास मनाईच केली आहे. पाटीमागे पुष्कळदा एकटाच गृहस्थ बसलेला असतो. एकाहून अधिक असले, तर ते एकमेकांचे भागीदार असतात. मालकही तेच आणि राबणारेही तेच. अशा घरात हुकूम कोणाचा चालावा? जे दुसऱ्यांच्या कारभाराचा झाडा घेतात त्यांचा स्वतःचा कारभार कसा चालतो, इकडे बाहेरच्यांचे सहसा लक्ष जात नाही. ते जावयास हवे. त्या पेढीच्या सहीवर विसंबून बँक कर्ज देते, आणि एखादा निवृत्त शिक्षक आपली आयुष्याची शिल्लक समभागांत गुंतवतो.

पुष्कळांनी मिळून चालविलेल्या कारभाराविषयी मराठी मनात एक अढी आहे. ‘बारभाईंचा कारभार’ म्हटले की गोंधळ, भांडणे आणि कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही असेच चित्र डोळ्यांसमोर येते. इतिहास मात्र ह्या शब्दप्रयोगाला पुरता दुजोरा देत नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि पुढच्या वर्षी राघोबादादांच्या विरोधात पुण्याच्या मुत्सद्द्यांनी जो एकोपा केला त्याने पाळण्यातल्या पेशव्याच्या नावाने राज्य सावरले. त्यांतील दोन प्रमुख म्हणजे सखारामबापू बोकील आणि नाना फडणीस. फडणिशी म्हणजे हिशेबाचे काम, आणि ते नानांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेले. तेव्हा हिशेबनिसाने बरोबरीच्या मंडळींचे पुढारपण करणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पण त्याच इतिहासाचे दुसरे पान असे, की काही वर्षांतच सखारामबापू कैदेत गेले आणि बारभाईंचा कारभार एका भाईच्या हाती उरला. बरोबरीची माणसे संकटात एकत्र येतात; संकट ओसरले की कारभार एकाच्या मुठीत जातो, नाहीतर मंडळ फुटते. लेखापालांच्या भागीदारीला ह्या दोन्ही वाटा टाळून तिसरी शोधावी लागते.

कायदा ह्या कामी फारशी मदत करीत नाही. १९३२ चा भागीदारीचा कायदा सांगतो की, भागीदारीपत्रात वेगळे ठरले नसेल तर प्रत्येक भागीदाराला कारभारात भाग घेण्याचा हक्क आहे. नेहमीच्या बाबींत मतभेद झाल्यास बहुमत चालेल. धंद्याचे स्वरूप बदलावयाचे किंवा नवा भागीदार घ्यावयाचा तर सर्वांची संमती लागेल. नफा सारखा वाटावयाचा आणि कामाबद्दल वेगळा मेहनताना कोणी मागावयाचा नाही. शिवाय प्रत्येक भागीदार हा पेढीचा मुखत्यार. एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी सर्वांवर मिळून आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही येते. ह्या सगळ्यात ‘ज्येष्ठ भागीदार’ किंवा ‘व्यवस्थापक भागीदार’ अशा पदाची स्थापना कोठे नाही. ते पद कायद्याने निर्माण होत नाही. ते भागीदारांच्या आपसांतल्या करारातून किंवा नुसत्या वहिवाटीतून निर्माण होते. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आली आणि पुढे लेखापालांनाही तिची मुभा मिळाली. तीत किमान दोन ‘पदनिर्देशित भागीदार’ असावे लागतात. पण सरकारदरबारी कागदपत्रे दाखल करण्याची जबाबदारी कोणाची, एवढेच त्यातून प्रामुख्याने ठरते. भागीदारांनी कोणाचे ऐकावे हे त्यातून ठरत नाही.

कायद्याने मोकळी सोडलेली ही जागा आपल्याकडे एका जुन्या आकृतीने भरून काढली आहे. ती आकृती म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. भागीदारीचा कायदा तर मोठ्या कटाक्षाने सांगतो की भागीदारीचे नाते कराराने जन्मते, जन्माने नव्हे. एकत्र कुटुंबाचा धंदा चालविणारी भावंडे केवळ त्या नात्याने भागीदार होत नाहीत. पण कागदावर करार असला तरी मनात कुटुंबच असते. संस्थापक पेढीचा ‘साहेब’ असतो, क्वचित ‘दादा’ किंवा ‘अण्णा’ही. कोणत्या अशिलाला किती बिल लावावयाचे, कोणत्या उमेदवाराला आर्टिकलशिपसाठी घ्यावयाचे, दिवाळीला कोणाला काय द्यावयाचे, हे सारे त्याच्या मनात ठरते. कागदावर पंचवीस टक्क्यांचा धनी असलेला धाकटा भागीदार रजेची चिठ्ठी घेऊन त्याच्या खोलीच्या दाराशी उभा राहतो.

ह्या पद्धतीत नुसते दोषच आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्त्याची पेढी लवकर निर्णय घेते. नवशिक्या मुलाला हिशेबाची वही कशी वाचावी, एखादी नोंद बरोबर दिसत असूनही संशयास्पद का वाटावी, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अशा माणसाच्या शेजारी बसून चांगले कळते. उणीव एकाच ठिकाणी आहे. कुटुंबात कर्त्याला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरतो. लेखापरीक्षणात प्रश्न विचारणे हेच काम आहे. जो तरुण भागीदार साहेबांना ‘ह्या ताळेबंदावर आपण सही करू नये’ असे म्हणू शकत नाही, तो अशिलाला तरी ते कसे म्हणणार?

मोठ्या पेढ्यांनी ह्यावर निवडणुकीचा उपाय काढला. शेकडो भागीदार असले की ते ठराविक मुदतीसाठी प्रमुख निवडतात, कार्यकारी समिती नेमतात, नफ्याची वाटणी ठरविणारी वेगळी समिती असते. कंपनीसारखाच हा थाट दिसतो खरा, पण एक मोठा भेद राहतोच. कंपनीच्या प्रमुखाला खालच्या अधिकाऱ्याची नोकरी काढून घेता येते. भागीदारांचा प्रमुख ज्यांच्यावर हुकमत चालवितो त्यांच्याच मतांवर बसलेला असतो, आणि दुखावलेला भागीदार आपले अशील घेऊन उद्या समोरच्या इमारतीत पाटी लावू शकतो. ‘प्रभात’ फिल्म कंपनीची आठवण येथे अस्थानी होणार नाही. १९२९ साली कोल्हापुरात पाच जणांनी ती भागीदारीत उभारली. भागीदारीत पाचही जण भागीदारच. लोकांच्या मनात मात्र शांतारामबापूंचे स्थान निराळे होते. १९४२ साली ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘राजकमल’ काढले. ‘प्रभात’ १९५३ साली बंद पडली.

म्हणून भागीदारीत खरी सत्ता पदाची नसते, अशिलांची असते. नफा कसा वाटावयाचा ह्या एका प्रश्नात ती उघडी पडते. काही पेढ्या सेवेच्या वर्षांप्रमाणे वाटा वाढवितात. तेथे म्हाताऱ्यांचे फावते आणि कर्तबगार तरुण कुरकुरतात. काही ठिकाणी ‘ज्याने आणले त्याने खाल्ले’ असा रोकडा हिशेब असतो. तेथे मोठा अशील आणणारा भागीदार हा प्रमुखापेक्षाही प्रबळ होऊन बसतो.

ह्याचे सर्वांत दारुण उदाहरण महाराष्ट्राला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे परिचित झालेल्या एन्रॉन कंपनीच्या संदर्भात घडले. तिचे लेखापरीक्षक ऑर्थर अँडरसन. ही पेढी शिकागो येथे १९१३ साली स्थापन झाली, आणि अशिलाला नकार देण्याची हिंमत हीच तिच्या संस्थापकाची ख्याती होती. पुढे सल्ल्याचा व्यवसाय वाढला. सल्लागार भागीदार आणि लेखापरीक्षक भागीदार ह्यांच्यात वाटणीवरून वितुष्ट आले. १९९७ साली जागतिक प्रमुख निवडण्यासाठी मतदान झाले तेव्हा कोणालाही पुरेशी मते मिळाली नाहीत, आणि अखेर लवादाच्या निर्णयाने सल्लागार वेगळे झाले. उरलेल्या पेढीला २००० साली एकट्या एन्रॉनकडून ५ कोटी २० लक्ष डॉलर मिळाले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक लेखापरीक्षणाव्यतिरिक्त कामांचे. पेढीच्या अंतर्गत तज्ज्ञ गटात कार्ल बास नावाचा एक भागीदार होता. त्याने एन्रॉनच्या हिशेबपद्धतीवर हरकती घेतल्या. अँडरसनच्या रचनेत अशिलाचे काम पाहणाऱ्या भागीदाराला तज्ज्ञांचे मत बाजूला सारता येत असे, आणि तसेच झाले. मार्च २००१ मध्ये बासला एन्रॉनच्या कामातून दूर करण्यात आले. डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. २००२ साली अँडरसनला न्यायकार्यात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरविण्यात आले. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, परंतु तोवर सुमारे ८५ हजार माणसांची ती पेढी विखुरली होती. हरकत घेणारा माणूस पेढीत होता, त्याची हरकत लेखी होती. त्याच्या शब्दाला शेवटचा मान देणारी तरतूद मात्र नव्हती.

आपल्याकडे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी फुगविलेल्या हिशेबांची कबुली दिली, तेव्हा निराळा प्रश्न उभा राहिला. ताळेबंद तपासणाऱ्या प्राइस वॉटरहाऊसच्या दोन भागीदारांना २०१५ साली हैदराबादच्या न्यायालयाने अन्य आरोपींबरोबर दोषी ठरविले, आणि त्याविरुद्ध अपिले झाली. पण ह्या दोघांच्या पलीकडे पेढीचे काय? सेबीने जानेवारी २०१८ मध्ये त्या नावाखालच्या साऱ्या पेढ्यांना नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षणास दोन वर्षे बंदी केली. सप्टेंबर २०१९ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती बंदी उठविली. एकाची सही ही सर्वांची सही मानावी काय, ह्यावर जाणत्या माणसांतही असा मतभेद होतो.

लेखापालांच्या संस्थेने १ एप्रिल २००९ पासून लागू केलेल्या दर्जा-नियंत्रणाच्या मानकात ह्या प्रश्नाला सरळ हात घातला होता. कामाच्या दर्जाची अंतिम जबाबदारी पेढीच्या प्रमुखाने किंवा व्यवस्थापक भागीदारांनी स्वतःकडे घ्यावी. आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालावर सही होण्याआधी त्या कामाशी संबंध नसलेल्या जाणकाराने तो पाहावा, असे त्यात सांगितले. थोडक्यात, बासच्या खुर्चीला पाय दिले. लहान पेढीत मात्र अडचण अशी की दुसरा जाणकार म्हणजे बहुधा साहेबांचाच पुतण्या असतो.

आता हिनकलसारख्या ठिकाणच्या त्या पहिल्या मजल्याकडे परत यावयास हरकत नाही. कल्पना करावी की तेथे तीन भागीदार आहेत: अडुसष्ट वर्षांचे संस्थापक, त्यांचा मुलगा, आणि दहा वर्षांपूर्वी आर्टिकलशिप करून तेथेच राहिलेली एक परकी मुलगी. काम बहुतेक तीच पाहते. एका भागीदारामागे लेखापरीक्षणासाठी मर्यादेत धरल्या जाणाऱ्या वीसच कंपन्या घेता येतात, बँकांच्या कामासाठी होणाऱ्या वर्गवारीतही भागीदार मोजले जातात. तिला भागीदार करण्यामागे तोही हिशेब होताच. भागीदारीपत्र एका जुन्या नमुन्यावरून टंकलिखित केलेले. त्यात वाटणीचे आकडे आहेत, बँकेच्या खात्यावर सही कोणाची हे आहे. एखादा भागीदार वारल्यास पेढी पुढे चालेल, असे वाक्य मात्र राहून गेलेले आहे. आणि करारात तसे नसेल तर कायद्याने एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर पेढी विसर्जित होते. साहेबांना नुकताच हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला आहे.

मुलाला वाटते की वडिलांची खोली आपोआप आपली होईल. मुलीला वाटते की बोलावे, पण ज्यांनी हातात पेन्सिल देऊन खुणा करावयास शिकविले त्यांच्यासमोर त्यांच्या मरणाची भाषा कोणी काढावी? अखेर साहेबच एका शनिवारी दुपारी दोघांना बोलावतात. कपाटातून भागीदारीपत्र काढून ते टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, ‘‘माझ्यामागे कोण, हे आज ठरवू. आणि मी असतानाच माझ्या सहीला कोण अडवू शकेल, हेही.’’ मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, हे घरचेच आहे, लिहून कशाला ठेवायचे?’’ मुलगी काही न बोलता कोरा कागद पुढे ओढते. बैठकीचे कार्यवृत्त ठेवावे की ठेवू नये, ह्यावरच त्या दुपारचा पहिला तास जातो.