ताप आला की आधी अंग बघा

आज गटाच्या हिशेबाचं नाही, आपल्या अंगावरच्या न दिसणाऱ्या जीवांचं बोलू.

आपल्या पापण्यांच्या मुळाशी, नाकाच्या बाजूच्या छिद्रांत आठ पायांचे बारीक किडे राहतात. डेमोडेक्स त्यांचं नाव. तीन किडे एकापुढे एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. ते त्वचेतलं तेल खातात आणि बहुतेकांना काहीच त्रास देत नाहीत. त्यांना भ्यायचं कारण नाही.

पण त्यांची एक दूरची भाऊबंद वावरात असते. तिचं नाव चिगर. ही माइट नावाच्या किड्याची अळी. गवतात, झुडपांत, उंदरांच्या अंगावर ती सापडते. आपण धुऱ्यावरचं गवत कापायला बसलो की अंगावर चढते, चावते, दोन-तीन दिवस चिकटून राहते आणि गळून पडते. दुखत नाही, दिसत नाही. तिच्या चाव्यातून स्क्रब टायफसचा जंतू अंगात जाऊ शकतो. मग साधारण दहा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या मेडिकलमध्ये या तापाचे कितीतरी रुग्ण भरती होते. काही दगावले.

आमच्या गटातल्या एका ताईला पोळ्यानंतर असाच ताप आला. आम्ही भेटायला गेलो, चहा घेतला, आराम कर म्हणून परत आलो. सहाव्या दिवशी जावेनं अंग पुसताना स्तनाखाली काळी खपली पाहिली. ताईला ती ठाऊक होती. "पुरुष डॉक्टर, कसं सांगू?" म्हणाली. जावेनं नर्सबाईंना सांगितलं, औषध बदललं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आम्हाला मात्र चुटपुट लागली. आम्ही बाया असून विचारलं नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लाली. काख, जांघ, कंबर, स्तनाखाली बघा. ती सगळ्यांनाच दिसते असं नाही. म्हणून खपली नसली तरी "मी गवतात काम केलं" हे डॉक्टरांना सांगा. पोटुशी असाल तर तेही सांगा, औषध त्याप्रमाणे ठरतं. डॉक्सिसायक्लिन हे यावरचं स्वस्त औषध, पण डॉक्टरांनी दिलं तरच घ्यायचं. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूवर जातं. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजाऱ्याला वेगळं टाकू नका.

वावरात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोजे घाला. गवतावर बसू-लोळू नका, कपडे झुडपावर वाळत घालू नका. घरी आलं की साबणानं आंघोळ करा, कपडे बदला. घराभोवतीचं गवत काढा.

आमच्या गटानं एक ठरवलंय. कुणाला ताप आला की भेटायला जाणारीनं दार लोटून घ्यायचं आणि म्हणायचं, "बाई, अंग दाखव." तुम्हीही ठरवा.